विंडिगो : भूक, न्याय आणि वसाहतकालीन नोंदी

प्रस्तावना

उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या लोकपरंपरेतील ज्या मोजक्या प्रतिमा जगभर पोहोचल्या, त्यांत विंडिगो या नरभक्षक सत्त्वाची प्रतिमा विशेष प्रसिद्ध आहे. कॅनडातील आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तर भागातील ओजिब्वा, क्री व त्यांच्याशी भाषिक नाते असलेल्या अल्गोंक्वियन समाजांमध्ये ही संकल्पना आढळते. ओजिब्वा भाषेत विंडिगो, तर क्री भाषेत विटिको वा विहतिकोव असे तिचे उच्चार आहेत. भयकथा, चित्रपट व संगणकीय खेळ यांतून हा शब्द सर्वपरिचित झाला. मात्र ज्या समाजाने तो घडविला त्याच्या जीवनापासून तो तितकाच दूर गेला.

मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही. राक्षस म्हणावे, तर राक्षसाचे कुळच मुळात वेगळे. पिशाच म्हणावे, तर पिशाच हे सामान्यतः मृत्यूनंतरचे रूप. विंडिगो हा मात्र उत्तरेकडून येणारा हिमकाय महापुरुष असू शकतो आणि आपल्याच निवाऱ्यात, आपल्याच शेकोटीपाशी बसलेला जिवंत आप्तही असू शकतो. या संकल्पनेतील खरे भय या दुसऱ्या शक्यतेत आहे. माणूस विंडिगो होऊ शकतो, ही कल्पना केवळ लोककथेपुरती मर्यादित राहिली नाही. तिच्या आधारे काही माणसांचे प्राण घेतले गेले आणि तसे प्राण घेणाऱ्यांना पुढे परक्या न्यायालयांनी शिक्षा केल्या. म्हणून विंडिगो हा लोकसाहित्याइतकाच इतिहासाचाही विषय ठरतो.

उद्दिष्टे

१) विंडिगो या संकल्पनेचा तिच्या मूळ भौगोलिक व सामाजिक संदर्भात परिचय करून घेणे.
२) या संकल्पनेविषयीच्या लिखित नोंदी कोणी, केव्हा व कोणत्या भूमिकेतून केल्या याचा शोध घेणे.
३) १८७९ ते १९०७ या काळातील न्यायालयीन प्रकरणांच्या आधारे समाजाचा न्याय आणि वसाहतीचा कायदा यांतील संघर्षाचे स्वरूप तपासणे.

प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केला असून त्यासाठी प्रकाशित प्रवासवृत्ते, न्यायनिवाडे व मानववंशशास्त्रीय लेखन यांचा आधार घेतला आहे.

भूप्रदेश, हिवाळा आणि विंडिगो

सुपीरियर सरोवराच्या उत्तरेस हडसन उपसागरापर्यंत आणि पश्चिमेस आजच्या सस्कॅचेवान व अल्बर्टा प्रांतांपर्यंत सूचिपर्णी वृक्षांचे विस्तीर्ण अरण्य पसरले आहे. येथील हिवाळा दीर्घ व कठोर असतो. शेतीला वाव नसल्याने उत्तरेकडील ओजिब्वा व क्री समाजांचे जीवन शिकार व मासेमारी यांवर अवलंबून होते. उन्हाळ्यात मासे मुबलक असत, तेव्हा अनेक कुटुंबे पाणवठ्यांवर एकत्र येत. हिवाळ्यात मात्र एवढ्या माणसांना एका ठिकाणी अन्न मिळणे अशक्य असे. म्हणून चार-दोन कुटुंबांचे लहान गट परस्परांपासून दूर अरण्यात विखुरत. अशा गटातील एकमेव कुशल शिकारी आजारी पडला किंवा सावज मिळेनासे झाले, तर मदतीला धावून येणारे कोणी जवळ नसे. विंडिगो हा याच ऋतूचा आणि याच एकाकीपणाचा रहिवासी आहे.

कथांमध्ये त्याचे वर्णन प्रचंड उंचीचा, हाडे वर आलेला, स्वतःचेच ओठ चावून खाल्लेला आणि बर्फाचे काळीज असलेला असे येते. तो जितके खातो तितका वाढतो. शरीर वाढले की भूकही वाढते. त्यामुळे भरपेट खाऊनही तो उपाशीच राहतो. आज सर्वत्र दिसणारी हरणासारखी शिंगे व कवटीचे मुख ही त्याची प्रतिमा विसाव्या शतकातील व त्यानंतरच्या लोकप्रिय माध्यमांनी रूढ केली. जुन्या कथांतील विंडिगो हा मूलतः माणसाचीच विकृत आकृती आहे.

या शब्दाची व्युत्पत्तीही उद्बोधक आहे. भाषाशास्त्रज्ञ आयव्ह्स गोडार्ड यांनी १९६९ मध्ये तौलनिक पद्धतीने दाखवून दिले की, अल्गोंक्वियन भाषांच्या पूर्वरूपात हा शब्द घुबडाचा वाचक असावा. काही भगिनी भाषांत तो आजही त्याच अर्थाने येतो. ओजिब्वा लेखक बॅसिल जॉन्स्टन यांनी मात्र या शब्दाचा संबंध ‘केवळ स्वतःसाठी’ या अर्थाच्या शब्दांशी जोडला. भाषाशास्त्राच्या कसोटीवर पहिले मत अधिक ग्राह्य असले, तरी समाज आपल्या शब्दात कोणता अर्थ पाहतो हे दुसऱ्या मतावरून कळते. जेथे शिकार वाटून खाणे हा जगण्याचा पहिला नियम होता, तेथे एकट्याने खाणारा हाच सर्वांत भयंकर प्राणी ठरावा, हे स्वाभाविक आहे.

नोंदींचा इतिहास

ओजिब्वा व क्री समाजांची परंपरा मौखिक होती. त्यामुळे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील विंडिगोविषयीच्या जवळजवळ सर्व लिखित नोंदी बाहेरच्यांनी केलेल्या आहेत. न्यू फ्रान्समधील जेझुइट धर्मोपदेशकांच्या १६३६ च्या वृत्तांतात अशाच एका नरभक्षक सत्त्वाचा उल्लेख येतो. १६६१ च्या वृत्तांतात उत्तरेकडील समाजांना निरोप देण्यासाठी पाठविलेल्या काही माणसांची हकिकत आहे. या माणसांना विलक्षण व्याधी जडली, नरमांसाची अनावर वासना झाली आणि अखेर त्यांना ठार मारण्यात आले, असे धर्मोपदेशकांनी लिहिले. मात्र ही घटना त्यांनी स्वतः पाहिली नव्हती. मार्गात कानी आलेली वार्ता त्यांनी नोंदविली. पुढील अडीचशे वर्षांतील बहुसंख्य नोंदींचे स्वरूप असेच राहिले.

धर्मोपदेशकांच्या पाठोपाठ फर-व्यापारी आले. नकाशाकार डेव्हिड थॉम्प्सन यांच्या आत्मवृत्तात, जे १९१६ मध्ये प्रकाशित झाले, लेक ऑफ द वुड्स या परिसरातील अठराव्या शतकाच्या अखेरीची एक घटना आहे. एका तरुणाने आपल्या बहिणीला खाण्याची इच्छा होत असल्याचे सांगितले. समजावूनही त्याच्या मनातून ती जाईना. तेव्हा वडीलधाऱ्यांची सभा बसली, तिने मृत्युदंडाचा निर्णय दिला आणि तो अमलात आणण्याचे काम त्याच्या पित्याकडे सोपविले. देह जाळण्यात आला. या हकिकतीत उन्मत्त जमाव नाही. सभा आहे, विचारविनिमय आहे आणि सूड उगवण्याचा प्रश्नच उद्भवू नये म्हणून निवडलेला निकटचा आप्त आहे. यास क्रौर्य म्हणता येईल. परंतु अनियंत्रित हिंसा म्हणता येणार नाही.

यानंतरचे महत्त्वाचे साधन म्हणजे जॉर्ज नेल्सन या व्यापारी कारकुनाने १८२३ मध्ये लाक ला रोंज येथून पित्यास लिहिलेले दीर्घ पत्र. नेल्सन यांनी विंडिगोचे प्रकार सांगितले. उत्तरेचे अतिमानवी सत्त्व हा एक. दुष्काळात नरमांस खावे लागलेली माणसे हा दुसरा. आणि उत्तर किंवा हिम यांनी स्वप्नात ग्रासलेली माणसे हा तिसरा. अशा माणसाच्या पोटातील बर्फ वितळावे म्हणून त्यास कढत चरबी पाजणे, त्याच्यावर पहारा ठेवणे, वैदूकडून उपचार करविणे असे उपाय आधी योजले जात. प्रत्येक प्रकरणाचा शेवट हत्येत होत नसे, ही बाब नंतरच्या सनसनाटी लेखनात सहसा वगळली गेली.

फर-व्यापार, दुष्काळ आणि नरभक्षण

१६७० मध्ये हडसन्स बे कंपनीला सनद मिळाली. पुढील दीड शतकात बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार अरण्याच्या अंतर्भागात पोहोचला. प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या चढाओढीत बीव्हर व मोठी जनावरे अनेक भागांत झपाट्याने घटली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत उत्तर ओजिब्वांना मूस व कॅरिबू यांऐवजी ससे व मासे यांवर भागवावे लागले. सशांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या चक्रात वाढते व कोसळते. ती कोसळली की उपासमार ठरलेली असे. चार्ल्स बिशप यांनी विंडिगोविषयीच्या वाढत्या भयाचा संबंध या टंचाईशी जोडला. उलटपक्षी रॉबर्ट ब्राइटमन यांनी १९८८ मध्ये असे प्रतिपादन केले की, ही श्रद्धा फर-व्यापाराहून जुनी असून केवळ भुकेने तिचे स्पष्टीकरण होत नाही. दोन्ही मते परस्परांना पूर्णतः छेद देत नाहीत. श्रद्धा जुनी असू शकते आणि तिचे भय नव्या टंचाईने तीव्र होऊ शकते.

भुकेपोटी नरभक्षण केवळ मूळ रहिवाशांतच घडले, असेही नाही. १८४५ मध्ये निघालेल्या सर जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमेतील ब्रिटिश खलाशांनी अखेरीस मृत सोबत्यांचे मांस खाल्ले, असे जॉन रे यांनी इन्युइट लोकांच्या साक्षीवरून १८५४ मध्ये कळविले. तेव्हा चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या नियतकालिकातून ते वृत्त अविश्वसनीय ठरविले आणि संशयाची सुई इन्युइटांकडेच वळविली. पुढे सापडलेल्या अस्थींवरील कापल्याच्या खुणांनी इन्युइटांची साक्ष खरी ठरली. एकाच कृतीला एका ठिकाणी दुर्दैव आणि दुसऱ्या ठिकाणी स्वभाव मानण्याची ही वृत्ती विंडिगोविषयीच्या नोंदी वाचताना विसरता येत नाही.

न्यायालयातील विंडिगो

कॅनडाचे शासन पश्चिमेकडे व उत्तरेकडे विस्तारले तसा विंडिगोचा प्रश्न न्यायालयांपुढे आला. या प्रकरणांत एक मूलभूत भेद करणे आवश्यक आहे.

पहिल्या प्रकारात स्विफ्ट रनर या क्री व्यक्तीचे प्रकरण मोडते. १८७८-७९ च्या हिवाळ्यात त्याने पत्नी, मुले व अन्य कुटुंबीयांना ठार मारून त्यांचे मांस खाल्ले. वसंतात तो एकटाच सेंट आल्बर्ट येथील धर्मपीठात आला, तेव्हा त्याच्या कथनाविषयी संशय निर्माण झाला. घटनास्थळापासून सुमारे २५ मैलांवर हडसन्स बे कंपनीचे ठाणे होते. २० डिसेंबर १८७९ रोजी फोर्ट सस्कॅचेवान येथे त्यास फाशी देण्यात आली. येथे प्रत्यक्ष नरभक्षण घडले होते आणि आरोपी तोच होता.

दुसऱ्या प्रकारात कोणीही कोणाला खाल्लेले नव्हते. आरोपी विंडिगो नव्हता. विंडिगो समजून ज्यास मारले गेले, त्याचा मारेकरी आरोपी होता. १८९६ मध्ये लेक ऑफ द वुड्सच्या परिसरात विंडिगो फिरत असल्याच्या समजुतीने ओजिब्वांनी पहारे बसविले होते. माचेकेक्वोनाबे या पहारेकऱ्यास एक आकृती धावताना दिसली. तीनदा हटकूनही उत्तर न आल्याने त्याने गोळी झाडली. मरण पावलेला मनुष्य त्याचा पालक पिता निघाला. आरोपी शुद्धीवर होता आणि आपण माणसावर नव्हे, सत्त्वावर गोळी झाडत आहोत अशी त्याची खरोखर समजूत होती, हे ज्युरीने मान्य केले. तरीही सदोष मनुष्यवधाचा दोष कायम राहिला. १८९७ मध्ये ओंटारिओतील अपिलातही तोच निर्णय झाला. शिक्षा सहा महिन्यांची होती. १८९९ मध्ये लेसर स्लेव्ह सरोवराजवळ मूस्टूस नावाच्या माणसाने आपण विंडिगो होत असल्याचे सांगून आपल्याला मारावे अशी स्वतःच विनंती केली होती. त्या प्रकरणातही शिक्षा अल्प मुदतीची झाली.

या शिक्षांची तुलना इंग्लंडमधील एका निवाड्याशी करता येईल. १८८४ मध्ये मिन्योनेट हे जहाज बुडाल्यावर डडली व स्टीफन्स या खलाशांनी रिचर्ड पार्कर या पोरसवदा सोबत्यास मारून त्याचे मांस खाल्ले. गरज ही हत्येची सबब होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. मृत्युदंड सुनावला गेला. पण तो कमी करून सहा महिन्यांचा कारावास देण्यात आला. तत्त्व कठोर आणि शिक्षा सौम्य, हा न्यायालयाचा पवित्रा दोन्ही ठिकाणी सारखाच दिसतो. फरक असा की, डडली व स्टीफन्स यांचा न्याय त्यांच्याच समाजाच्या कायद्याने झाला. त्यांना कायद्याची भाषा ठाऊक होती व लोकमताची सहानुभूतीही लाभली.

हा फरक १९०७ च्या फिडलर प्रकरणात अत्यंत तीव्र झाला. ओंटारिओच्या वायव्येस सँडी लेक परिसरातील सकर कुळाचे प्रमुख जॅक फिडलर हे वयोवृद्ध व प्रभावी वैदू होते. आपण चौदा विंडिगोंचा पराभव केल्याचे ते सांगत. त्यांतील काही अन्य वैदूंनी मंत्रबळाने पाठविलेली सत्त्वे, तर काही आजाराने भ्रमिष्ट झालेली आपलीच माणसे होती. १९०६ मध्ये जॅक व त्यांचे बंधू जोसेफ यांनी जोसेफ यांची सून वाहसाकापीक्वे हिला गळा आवळून मारले. ती अत्यवस्थ होती आणि वातात तिला धरून ठेवावे लागत होते, असे साक्षीत आले. १९०७ च्या उन्हाळ्यात घोडदळ पोलिसांनी दोघा भावांना पकडून विनिपेग सरोवराच्या उत्तर टोकाजवळील नॉर्वे हाउस येथे नेले. ३० सप्टेंबर रोजी जॅक पहाऱ्यातून निसटले आणि त्यांनी गळफास घेऊन जीवन संपविले. जोसेफ यांच्यावर ७ ऑक्टोबर रोजी खटला चालला. दंडाधिकारी म्हणून बसलेले एल्सवर्थ बोवेन पेरी हे ज्या पोलीस दलाने अटक केली त्याच दलाचे आयुक्त होते. मृत्युदंड झाला, तो पुढे जन्मठेपेत बदलला. धर्मोपदेशक व व्यापारी यांनी सुटकेसाठी विनंत्या केल्या. सुटकेचा आदेश निघाला, पण तो येण्यापूर्वी तीन दिवस, १ सप्टेंबर १९०९ रोजी, जोसेफ यांचा स्टोनी माउंटन येथील तुरुंगात मृत्यू झाला.

या प्रकरणातील कळीचा मुद्दा अधिकारक्षेत्राचा आहे. १९०७ मध्ये या समाजाने कॅनडाशी कोणताही तह केलेला नव्हता. जॅक यांचे पुत्र रॉबर्ट फिडलर यांनी समाजाच्या वतीने तहावर सही केली ती १९१० मध्ये. म्हणजे ज्या कायद्याची माहिती नव्हती व ज्यास संमती दिलेली नव्हती, त्याच कायद्याने प्रमुखांचा न्याय केला गेला. समाजाचे रक्षण हे ज्यांचे कर्तव्य, तेच गुन्हेगार ठरल्यावर त्या समाजाची अंतर्गत सत्ता कोसळणे अटळ होते.

तथापि याची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. वाहसाकापीक्वे ही आजारी स्त्री होती. तिची बाजू ना कुळाच्या सभेत नोंदली गेली, ना न्यायालयात. न्यायालयास ती केवळ पुरावा होती आणि पुढील अभ्यासकांना केवळ उदाहरण. वसाहतवादाची चिकित्सा करताना या स्त्रीच्या मृत्यूचे समर्थन होणार नाही, याची दक्षता इतिहासलेखनाने घ्यावयास हवी.

‘विंडिगो मनोविकृती’ : एका निदानाचा प्रवास

न्यायालयांनंतर विंडिगोचा ताबा मानसशास्त्राने घेतला. १९३३ मध्ये जॉन कूपर यांनी क्री समाजातील विटिको मनोविकृतीवर लेख लिहिला. १९६० मध्ये मॉर्टन टायशर यांनी सत्तर प्रकरणे संकलित केली. पाठ्यपुस्तकांत हा आजार संस्कृतिबद्ध मनोविकारांचे ठळक उदाहरण म्हणून स्थिरावला. परंतु १९८२ मध्ये लू मारानो यांनी प्रत्यक्ष क्षेत्रीय अभ्यास व नोंदींची फेरतपासणी यांच्या आधारे एक साधा प्रश्न विचारला : असा रुग्ण कोणत्या अभ्यासकाने स्वतः पाहिला आहे? त्यांना एकही विश्वसनीय प्रत्यक्षदर्शी वृत्तांत आढळला नाही. त्यांच्या मते उपासमारीच्या काळात आजारी, भ्रमिष्ट किंवा नकोशा झालेल्या माणसांवर ठेवलेला हा आरोप होता. विकृतीचा शोध आरोपितांच्या मनात नव्हे, आरोप करणाऱ्या समूहाच्या संकटात घ्यायला हवा होता.

मारानो यांचे मत सर्वांनी स्वीकारले नाही. ब्राइटमन यांनी सर्वच नोंदी खोट्या मानण्यास विरोध केला. नेथन कार्लसन यांनी २००९ मध्ये उत्तर अल्बर्टातील प्रकरणांचा पुन्हा विचार करून, आपण विंडिगो होत आहोत ही भीती काही माणसांना खरोखर ग्रासत होती, याकडे लक्ष वेधले. मूस्टूसचे उदाहरण त्याच दिशेने जाते. मात्र अशी भीती असणे आणि नरमांसाची वासना हा एखाद्या वंशाचा आजार असणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्यास पुरावा आहे. दुसरे हे निदान कागदावरून कागदावर जात सत्य बनले.

साहित्य आणि वर्तमान

१९१० मध्ये ॲल्जरनॉन ब्लॅकवुड यांच्या कथेने विंडिगो इंग्रजी भयसाहित्यात रूढ केला. जोसेफ फिडलर यांच्या तुरुंगातील मृत्यूला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळ रहिवासी लेखकांनी ही प्रतिमा परत आपल्या हाती घेतली. जॅक फोर्ब्स यांनी वसाहतवादालाच विटिकोचा आजार म्हटले. बॅसिल जॉन्स्टन यांनी १९९५ मध्ये अरण्ये व खनिजे गिळणाऱ्या बलाढ्य कंपन्यांमध्ये नवे विंडिगो पाहिले. क्री नाटककार टॉमसन हायवे यांच्या १९९८ च्या कादंबरीत ही प्रतिमा निवासी शाळांत मुलांवर झालेल्या अत्याचारांशी जोडली जाते. ज्या सत्त्वाच्या नावाने एका समाजाला रानटी ठरविले गेले, त्याच नावाने त्या समाजाने आपल्यावरील आक्रमणाचे वर्णन केले.

निष्कर्ष

१) विंडिगो ही संकल्पना टंचाईच्या हिवाळ्यात वाटून खाण्याची नीती जपणारी होती. एकट्याने खाणारा माणूस माणूस राहत नाही, हे तिचे सार आहे.
२) उपलब्ध लिखित साधने बहुतांशी ऐकीव आणि बाहेरच्यांच्या दृष्टीतून आलेली आहेत. धर्मोपदेशकाने त्यात सैतान पाहिला, दंडाधिकाऱ्याने गुन्हा आणि मानसशास्त्रज्ञाने आजार.
३) १८९६ ते १९०७ या काळातील प्रकरणे नरभक्षणाची नसून नरभक्षणाच्या भयातून झालेल्या हत्यांची आहेत. हा भेद न केल्यामुळे संपूर्ण समाजावर नरभक्षणाचा कलंक लागला.
४) फिडलर प्रकरणात तहाशिवाय व संमतीशिवाय लादलेल्या कायद्याने एका समाजाची न्यायसत्ता संपुष्टात आणली. तथापि त्या न्यायसत्तेचे बळीही इतिहासाने विसरता कामा नयेत.

अतृप्त भूक असलेला, खाल्ल्याने अधिकच उपाशी होणारा प्राणी ही कल्पना अरण्यातील लहानशा, विखुरलेल्या समाजांनी केली. तिची नोंद करणाऱ्यांनी तो प्राणी नेहमी त्या अरण्यातच शोधला. बीव्हर संपेपर्यंत कातडी नेणाऱ्या व्यापारात तो शोधावा असे त्यांना वाटले नाही. तो शोध पुढे जॉन्स्टन व फोर्ब्स यांना घ्यावा लागला.